पेढीची वाट आणि सायकलची पारख

हळदीच्या सौद्याला उभा असलेला आपला व्यापारी ढिगातले एखादे हळकुंड उचलतो, मोडतो, गाभ्याचा रंग उजेडात धरून पाहतो आणि मगच तोंडातून आकडा काढतो. पोत्यावरच्या छापाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. हाच गृहस्थ सायकलच्या दुकानाची पायरी चढला की त्याची सारी पारख पायरीखालीच राहते. जाड टायर, नारिंगी रंग, पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगा आणि एकवीस गिअर एवढे पाहून व्यवहार उरकला जातो आणि तीन महिन्यांनी ती सायकल जिन्याखाली जाऊन बसते. विश्रामबागेतल्या इमारतींचे जिने पाहत हिंडले तर अशा सायकली जागोजाग आढळतील. त्यांचे मालक आळशी होते असे म्हणण्याचे कारण नाही. घेतलेली वस्तू त्यांच्या रोजच्या वाटेची नव्हती, इतकेच.

म्हणून आधी वाट पाहू. गेल्या दोन-तीन पिढ्यांत आपल्यातली पुष्कळ कुटुंबे जुन्या पेठांतून निघून विश्रामबाग, नेमिनाथनगर या बाजूला राहावयास आली. घरे हलली, पेढ्या बव्हंशी होत्या तेथेच राहिल्या. कोणाची गणपती पेठेत, कोणाची वसंतदादा मार्केट यार्डात, तर कोणाचा कारखाना कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये सुमारे दहा किलोमीटरचे अंतर आहे व विश्रामबाग त्याच्या साधारण मध्यावर येते. म्हणजे यार्डापर्यंत दोन-अडीच किलोमीटर, पेठेपर्यंत चार-साडेचार आणि दुसऱ्या बाजूस मिरज पाचेक किलोमीटर. सारा प्रदेश कृष्णेच्या खोऱ्याचा, सपाट. चढ म्हणावा तो एखाद्या उड्डाणपुलाचाच. १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली निघालेले, पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव धारण केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय या दोहोंमुळे हा परिसर सायकलीला नवखा कधीच नव्हता.

या वाटेचा आणखी एक गुण आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विश्रामबागेहून सांगलीकडे जाणारा मनुष्य सकाळी पश्चिमेकडे तोंड करून जातो आणि संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून परततो. दोन्ही वेळा ऊन त्याच्या पाठीवर असते. मिरजेला जाणाऱ्याचे नेमके उलट. दोन्ही वेळा सूर्य त्याच्या डोळ्यांत. सांगलीकडे जाणाऱ्यांनी मात्र या सुखात एक सावधगिरी बाळगावी. आपल्याला सगळे स्वच्छ दिसत असले तरी समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर ऊन असते आणि तो उजवीकडे वळताना आपल्याला पाहीलच असे नाही. पुढचा दिवा दिवसाही चालू ठेवण्याची काही जणांची सवय मला याच कारणाने शहाणपणाची वाटते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. जाताना तो छातीवर येतो, परतताना पाठ राखतो. दिवसभर दुकानात थकलेल्या माणसाला हा क्रम सोयीचाच म्हणायचा.

वेळेचा हिशेबही मांडून पाहू. ताशी पंधरा किलोमीटर ही काही शर्यतीची गती नव्हे. पन्नाशीचा निरोगी मनुष्य ती सहज राखतो. साडेचार किलोमीटरला अठरा मिनिटे लागली. जाऊन-येऊन छत्तीस, आठवड्याचे सहा दिवस धरले तर दोनशे सोळा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. तो येथे वेगळा वेळ न काढता पदरात पडतो. गादीवर बसून आयुष्य काढणाऱ्या आपल्या समाजाला मधुमेह आणि रक्तदाब यांची ओळख करून देण्याची गरज नाही. कोपनहेगन येथे सुमारे तीस हजार लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सायकलने कामावर न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक आढळला होता. इतर व्यायाम, वजन, धूम्रपान या गोष्टी हिशेबात धरूनही.

पेट्रोलच्या बचतीसाठी मात्र आपल्यापैकी कोणी सायकल घेऊ नये. रोजच्या नऊ किलोमीटरला स्कूटर पाव लिटरही जाळीत नाही. वर्षाकाठी वाचतील ते सहा-सात हजार रुपये. पेढीच्या उलाढालीत ही रक्कम कोठे दिसणारही नाही. पैशाच्या लोभाने सुरू झालेली गोष्ट पहिल्या पावसात थांबते. वाचतो तो वेळेचा अनिश्चितपणा. संध्याकाळच्या गर्दीत मोटारीला पेठेतून बाहेर पडायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी पस्तीस. शिवाय ती उभी करायला जागा शोधायची ती वेगळीच. सायकलचे अठरा ते वीस मिनिटांचे गणित सहसा चुकत नाही. जे रात्रिभोजनाचा त्याग पाळतात त्यांना या नेमकेपणाची किंमत अधिक कळेल. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो; सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी भोजन उरकणाऱ्याला पाचच्या सुमारास पानावर असावे लागते. जूनअखेर तोच सूर्यास्त सात वाजून गेल्यावर होतो. हिवाळ्याच्या त्या दोन महिन्यांत घरी पोहोचण्याची वेळ घड्याळ लावून सांगता येणे, यावर कित्येकांचे व्रत सुखाने चालते.

आता ज्या गोष्टीमुळे प्रत्यक्षात सगळे अडते तिच्याकडे वळू. ती गोष्ट म्हणजे पत. व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते तशी लोकांच्या नजरेतही असते. मोटारीतून उतरणारा शेटजी एके दिवशी सायकलवरून आला की समोरचा आडतदार तोंडाने "तब्येतीसाठी का?" असे विचारतो आणि मनात उधारीचा आकडा तपासून पाहतो. हा संकोच खोटा नाही आणि त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण आपल्या आजोबांच्या पिढीकडे पाहावे. धोतराचा सोगा वर खोचून, कॅरिअरला चोपड्या बांधून काळ्या सायकलवर वसुलीला जाणारे व्यापारी त्या काळी पेठेत सर्रास दिसत. तेव्हा सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिव्याविना सापडल्यास पोलीस अडवीत; म्हणजे सायकल ही नोंद करण्याजोगी मालमत्ता होती. तीच काळी सायकल पुढे दूधवाल्यांची आणि मजुरांची समजली गेली. लोखंड तेच होते, पाहणारे बदलले.

त्याही मागे गेले तर आपल्याच प्रांतातली एक थोर उद्योगकथा सायकलपासून सुरू होते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचा धंदा काढला. लक्ष्मणराव मुंबईत होते, ते तेथून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा बेळगावी त्या विकीत. केवळ विकून ते थांबत नसत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. सायकलीवर बसता न येणाऱ्या गावात सायकल विकायची तर दुसरा मार्गही नव्हता. पुढे चारायंत्रे आली, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर, आजच्या आपल्याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. ज्या वस्तूवर बसायला आज संकोच वाटतो ती विकून एक घराणे केवढे वाढले हे यातून दिसते खरे. पण मला त्यातली शिकवण्याची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सायकल विकत घेणे हा पैसे मोजताच संपणारा व्यवहार नव्हे. हल्ली सायकली खोक्यांतून अर्धवट जोडलेल्या येतात आणि दुकानातला मिस्त्री त्या पुऱ्या करतो. त्याने बेअरिंग किती आवळले, तारांचा ताण सारखा केला की नाही, यावर पुढची पाच वर्षे ठरतात. म्हणून दुकान निवडताना काचेमागच्या सायकलींपेक्षा मागच्या बाजूला बसलेला मिस्त्री पाहावा. त्याला दोन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना त्याने हातातले काम थांबवून सायकलकडे बोट दाखवले तर दुकान बरे समजावे.

मापाची बाब सर्वांत आधी येते आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही घट्ट वर सरकवून धरावी आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. या अंतराला ०.८८३ ने गुणले की सीटची योग्य उंची मिळते. ती पायडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायची असते. अंतर ८० सेंटिमीटर असेल तर सीट साधारण साडेसत्तरवर. गणित नको असेल तर पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच टेकवावी. गुडघा सरळ झाला तर उंची बरोबर. चालवताना पायाचा चवडा पायडलवर राहतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप किंचित बाक येतो. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून पुष्कळ जण सीट खाली घेतात आणि महिनाभरात गुडघे दुखू लागले की दोष सायकलला देतात. थांबताना चवडा टेकला म्हणजे पुरे. दांडीवरून पाय टाकून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत दोन-तीन बोटांचे अंतर उरले पाहिजे. साडी किंवा पंजाबी पोशाखात जाणाऱ्या भगिनींनी आणि कंबरेची कुरकूर असलेल्या ज्येष्ठांनी बिनदांडीचीच सायकल घ्यावी. तिला बायकांची सायकल म्हणून हिणवण्याची पद्धत आता सोडून द्यायला हरकत नाही. मागच्या चाकाला जाळी मात्र बसवून घ्यावी.

टायरच्या बाबतीत आपला व्यापारी गालातल्या गालात हसेल असा एक प्रकार आहे. पूर्वी गावोगावचा मण निराळा असे, तसा सायकलीत आजही एकाच नावाचा इंच निराळा असतो. २६ × १ ३/८ या मापाचे टायर आणि २६ × २.१० या मापाचे टायर दोन्ही 'सव्वीस इंची' म्हणवतात. पण पहिल्याची रिम ५९० मिलिमीटरची आणि दुसऱ्याची ५५९ ची. एकाचे टायर दुसऱ्याला चढत नाही. खरे माप टायरच्या कडेला बारीक अक्षरांत उमटवलेले असते, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. हे ४०-६३५ म्हणजे जुन्या काळ्या सायकलचे २८ × १ १/२. त्याची ट्यूब कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मिळते आणि रोज कामावर जाणाऱ्याला हा गुण फार मोठा आहे. रुंदी ३५ ते ४० मिलिमीटर असली की आपल्या रस्त्यांना पुरते. फार जाड, खाचांच्या टायरचा डांबरावर नुसता घरघराट होतो, पायांचे बळ वाया जाते आणि पावसाळ्यात कडेच्या काळ्या मातीत उतरावे लागले तर चिखल खाचांत भरून मडगार्डला घासू लागतो. अगदी अरुंद टायरला उन्हाळ्यात सराटे पुरे पडत नाहीत. हवा दर आठवड्याला तपासावी. घरात एक उभा पंप असणे ही चैन नव्हे.

गिअरविषयी स्पष्ट सांगतो. या वाटेला एकवीस गिअर लागत नाहीत. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असलेल्या साध्या सायकलचे पायडल एकदा पूर्ण फिरले की २८ इंची चाकावर ती सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे म्हणजे ताशी सोळा किलोमीटर. आपल्याला हवी होती तीच गती. ज्यांना समोरच्या वाऱ्याचा त्रास होतो किंवा कुपवाडपर्यंत ओझे घेऊन जायचे असते त्यांनी मागच्या बाजूला सहा-सात गिअर असलेली घ्यावी. पुढचे तीन गिअर केवळ देखभाल वाढवतात. पुढच्या स्प्रिंगांविषयीही तेच. स्वस्त सायकलीतल्या स्प्रिंगा वजन वाढवतात आणि प्रत्येक पायडलागणिक थोडे बळ गिळतात. खड्ड्यांचा उपाय म्हणून जरा रुंद टायर त्यापेक्षा अधिक कामाचे.

ब्रेकचा प्रश्न पावसाचा आहे. जुन्या सायकलींच्या चकचकीत लोखंडी रिम ओल्या झाल्या की ब्रेक लागता लागत नाहीत. थांबायला कोरड्या वेळेपेक्षा पुष्कळच अधिक अंतर लागते. अॅल्युमिनियमच्या रिम त्या मानाने बऱ्याच भरवशाच्या. डिस्क ब्रेक उत्तम, पण केबलवर चालणारे स्वस्त डिस्क ब्रेक वरचेवर जुळवावे लागतात. आपल्या मिस्त्रीला ते जमते का, हे आधी विचारून घ्यावे.

सीटविषयी आपल्या घरांना निराळे सांगावे लागेल. जुन्या काळ्या सायकलींची सीट बहुधा चामड्याची असे. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीची १८६६ पासूनची कीर्ती मुळी चामड्याच्या कामावरच उभी आहे. आजच्या सर्वसाधारण सायकलीला रेक्झिन किंवा तत्सम कृत्रिम आवरण असते, त्यामुळे अडचण येत नाही. परंतु जुन्या घडणीची आठवण करून देणाऱ्या काही महागड्या सायकलींना सीट आणि हँडलच्या मुठी खऱ्या चामड्याच्या देतात, आणि विक्रेता ते कौतुकाने सांगतो. तेथे थांबून विचारावे. बहुतेक दुकाने सीट बदलून देतात. ग्रीसची शंका काही जणांना येते. बाजारातले नेहमीचे लिथियम ग्रीस खनिज तेलापासून होते आणि ते घट्ट करायला बहुधा एरंडेलापासून निघालेला पदार्थ वापरलेला असतो. साखळीला शिवणयंत्राचे तेल चालते. खाण्याचे तेल मात्र घालू नये. ते चिकट होऊन धूळ धरते, आणि हळदीच्या पेठेत धुळीला तोटा नाही.

दुकानदार ज्यांना 'जादाचे सामान' म्हणतो तीच खरी कामाची सायकल असते: दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड, मजबूत कॅरिअर, स्टँड, घंटी, बंद चेनकव्हर, पुढे पांढरा व मागे लाल दिवा. डोंगरी थाटाच्या सायकलीला यांतले निम्मे नसते, आणि मागाहून बसवू म्हटले तर भोकेच नसतात. चेनकव्हर नसलेल्या सायकलवरून पांढरी विजार घालून पेढीवर जाऊन पाहावे. एवढा एक प्रयोग पुरे होतो. डबा आणि नमुन्याच्या पिशव्या खांद्यावर न टांगता कॅरिअरवर ठेवाव्यात. पाठीला घाम येत नाही व तोलही सुटत नाही. हेल्मेट घालावेच. पावसाळ्याच्या संध्याकाळी दिव्यांभोवती किडे घोंघावतात, तेव्हा साधा बिननंबरचा चष्मा डोळ्यांना आणि त्या जिवांनाही बरा.

किमतीत फार शिरत नाही. साधी सायकल पाच-सहा हजारांपासून मिळते, हलकी गिअरची पंधरा हजारांच्या पुढे जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल पाहताना तेवढे ध्यानात असू द्यावे. कंपनीच्या नावाचा फार विचार करू नये. १९५१ पासून घराघरांत पोहोचलेल्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. तरी जुन्या अॅटलस सायकली चालूच आहेत, कारण त्यांचे सुटे भाग सर्वांच्या मापाचे आहेत. ज्या सायकलीचा एखादा भाग फक्त एकाच कंपनीकडे मिळतो ती कितीही देखणी असली तरी कामावर जाण्यासाठी घेऊ नये. विजेच्या सायकलीबद्दल हल्ली पुष्कळ विचारणा होते. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी असेल तर तिला नोंदणी लागत नाही. साठी उलटलेल्यांना किंवा मिरजेच्याही पलीकडे जाणाऱ्यांना ती जरूर उपयोगी पडेल. विश्रामबाग ते पेठ एवढ्यासाठी मला तिची गरज दिसत नाही.

दुकानातून सायकल घरी नेण्यापूर्वी अंगणात फिरवून न पाहता, गर्दीची वेळ टाळून, आपल्या खऱ्या वाटेवर एक फेरी मारू द्या असे दुकानदाराला सांगावे. जामीन म्हणून आपली स्कूटर तेथे ठेवावी. पेठेतल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. पहिल्या महिन्यात नव्या तारा सैल पडतात आणि चाक आउट होते, हा दोष नव्हे. तेवढ्यासाठी महिनाभराने पुन्हा मिस्त्रीकडे न्यायची बोली व्यवहारातच करून घ्यावी. वर्षातून एकदा ओव्हरऑइल, शक्यतो पावसाळा संपल्यावर. फ्रेमचा नंबर बहुतेक सायकलींना पायडलांच्या मधल्या नळीच्या खालच्या अंगाला ठोकलेला असतो. सायकल उलटी करून तो वाचावा, बिलावरच्या नंबराशी ताडून पाहावा आणि घरच्या वहीत टिपून ठेवावा.